वडिलांच्या हलणाऱ्या दातांसाठी पुणं गाठायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, तासगावजवळ द्राक्षबाग. दहा वर्षांपासून मधुमेह, ब्लडप्रेशरची गोळी चालू, मिश्रीची जुनी सवय. खालचे पुढचे दात हलतात, एका दाढेजवळून अधूनमधून पू येतो. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी ‘पायरिया आहे, फ्लॅप करावं लागेल’ (म्हणजे हिरडी उघडून आतून साफ करण्याची शस्त्रक्रिया) असं सांगितलं. पुण्यातला भाऊ म्हणतो, इकडे आणा, इथं लेझरनं बिनटाक्याचं करतात. मग सांगली-मिरजेत दाखवावं की थेट पुण्याला न्यावं? आणि हिरड्यांचा चांगला डॉक्टर ओळखायचा कसा?

शहराचा निर्णय थोडा बाजूला ठेवा. हिरड्यांच्या आजारात डॉक्टर मोजमाप करतात का, आणि उपचारानंतर पुन्हा तेच मोजमाप करतात का, यावर निम्मी निवड होते. उरलेली निम्मी, त्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जाणं तुम्हाला जमणार आहे का, यावर. मशीन, फर्निचर, बोर्डावरच्या पदव्या हे सगळं त्यानंतर.

मोजमाप म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बहुतेक लोकांना ते कधी करूनच मिळालेलं नसतं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. किटण साचून हिरडी दातापासून सुटत गेली की ती फट खोल होते, तिला पॉकेट म्हणतात. ४-५ मिमी म्हणजे आजार आहे, ६ किंवा त्याहून जास्त म्हणजे घरच्या ब्रशनंच काय, साध्या क्लीनिंगनंही तळापर्यंत पोचता येत नाही. हे मोजायला मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई असते, तिला प्रोब म्हणतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं: बाहेरून तीन, आतून तीन. तोंडात २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. दाब साधारण २०-२५ ग्रॅमचा, म्हणजे नखाखाली टोक टेकवून दाबलं तर दुखणार नाही इतकाच. मदतनीस आकडे लिहून घेत असेल तर पंधरा-वीस मिनिटं लागतात.

या आकड्यांबरोबर चार गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. कुठे रक्त आलं, कुठे पू आला, हिरडी किती खाली सरकली आहे, आणि दात किती हलतो. हिरडी सरकलेली मोजणं फार महत्त्वाचं, कारण नुसत्या पॉकेटच्या आकड्यानं फसगत होते. पॉकेट ४ मिमी आणि हिरडी ३ मिमी खाली गेलेली असेल तर दाताचा आधार प्रत्यक्षात ७ मिमीनं तुटलेला असतो. खालच्या पटाशीच्या दाताचं मूळ साधारण १२-१३ मिमी लांब असतं. म्हणजे निम्म्याहून अधिक पकड गेली. दात हलण्याचेही दर्जे असतात. पहिला म्हणजे किंचित, १ मिमीच्या आत. दुसरा म्हणजे १ मिमीहून जास्त, पण आडवाच. तिसरा म्हणजे दाबल्यावर दात वर-खालीही होतो. पहिल्या दोन दर्जांचे बरेच दात सूज उतरल्यावर घट्ट होतात. तिसऱ्यातले सहसा वाचत नाहीत. तुमच्या वडिलांचे दात कोणत्या दर्जाचे आहेत हे कोणीच लिहून दिलेलं नाही, म्हणून ‘फ्लॅप लागेल’ हे वाक्य आत्ता बरोबरही म्हणता येत नाही आणि चूकही.

दाढेची गोष्ट वेगळी. दाढेला दोन-तीन मुळं असतात आणि ती जिथं फुटतात त्या बेचक्यात हाड गेलं की तिथं किटण साठत राहतं. त्या जागेसाठी वाकडा, वेगळा प्रोब असतो. पू येणाऱ्या दाढेचं बेचकं तपासलंय का, हे जरूर विचारा. त्याच दाढेची नस जिवंत आहे का हेही बघायला हवं, थंडाची चाचणी करून. कारण पू कधी हिरडीचा असतो, कधी मेलेल्या नसेचा, कधी दोन्हींचा. नस मेलेली असताना नुसती हिरडी साफ करत बसलं तर पू थांबत नाही आणि दोष हिरडीच्या उपचाराला लागतो.

एक्स-रेबद्दल. पूर्ण जबड्याचा मोठा ओपीजी चित्र ढोबळ दाखवतो. खालच्या पुढच्या दातांच्या भागात तर मणक्याची सावली पडून तो धूसर येतो. हाड नेमकं किती गेलं हे कळायला त्या-त्या दाताचे छोटे एक्स-रे लागतात, हल्ली बहुतेक ठिकाणी आरव्हीजीवर, म्हणजे डिजिटल एक्स-रेवर, लगेच दिसतात. थ्रीडी स्कॅन सरसकट कुणी सांगितला तर कशासाठी ते विचारा. दाढेच्या बेचक्यासाठी किंवा इम्प्लांटसाठी (हाडात रोवून बसवायचा कृत्रिम दात) तो उपयोगी पडतो, सगळ्या तोंडाच्या पायरियासाठी सहसा लागत नाही.

आता पदवी. हिरड्यांचा तज्ज्ञ म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस, आणि तेही पेरिओडाँटॉलॉजी या विषयात. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, त्यामुळे बोर्डावर नुसतं ‘एमडीएस’ असेल तर शाखा विचारायची. दातांच्या तारा लावणारेही एमडीएस, रूट कॅनालवालेही एमडीएस. ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’, ‘लेझर स्पेशालिस्ट’, ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ या एमडीएसच्या शाखा नाहीत. ती छोट्या कोर्सची किंवा फेलोशिपची नावं असतात. कोर्स करणं चांगलंच, पण तो तीन वर्षांच्या शिक्षणाची जागा घेत नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडचा नोंदणी क्रमांक लेटरहेडवर असतो, तो बघा.

मात्र एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. सुरुवातीच्या आजाराला एमडीएसची गरज नसते. ४-५ मिमीचे पॉकेट एखादा कसोशीचा बीडीएस डॉक्टर उत्तम बरे करतो, आणि मोजमाप न करणाऱ्या एमडीएसपेक्षा तो केव्हाही बरा. तज्ज्ञाकडे जायची वेळ येते ती ६ मिमीच्या पुढचे पॉकेट, दाढेच्या बेचक्यात गेलेला आजार, हलणारे किंवा फाकत चाललेले दात, आटोक्यात नसलेली साखर, किंवा पस्तिशीच्या आत हाड झिजायला लागणं, यांपैकी काही असेल तर. वडिलांच्या बाबतीत यातल्या दोन-तीन गोष्टी दिसतात, म्हणून तज्ज्ञ लागेल.

आता सांगली की पुणे. खेपा मोजा. पहिली तपासणी आणि नोंद, मग खोल सफाईच्या दोन ते चार बैठका, मग सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा मोजमाप, लागलीच तर एक-दोन ठिकाणी शस्त्रक्रिया आणि आठ-दहा दिवसांनी टाके काढणं, त्यानंतर दर तीन महिन्यांनी देखभाल. पहिल्याच वर्षी दहाच्या आसपास खेपा होतात. सांगली ते पुणे जवळपास २३० किलोमीटर, एका बाजूनं. पहिल्या दोन-तीन खेपा उत्साहात होतात, मग ऑक्टोबर छाटणी येते, औषधं मारायचे दिवस येतात, आणि देखभालीची तारीख हुकते ती हुकतेच. खोल पॉकेट साफ केल्यावर तिथले जंतू काही आठवड्यांत पुन्हा जमायला लागतात. म्हणून तीन महिन्यांचं अंतर ठरवलेलं असतं. पुण्यात कितीही सुंदर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर वर्षभर कोणी पाहिलंच नाही, तर आजार परत येतो, आणि अनेकदा आधीपेक्षा वाईट.

मिरज वैद्यकनगरी आहे, मधुमेहाचे आणि हृदयाचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे आणि तासगाव रस्त्यावर कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. तुमच्या गावाहून सांगलीला येताना ते वाटेवरच पडतं. कराडलाही दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी पेरिओ, म्हणजे हिरड्यांचा, विभाग असतो. तिथं एमडीएसचे विद्यार्थी आहेत का, ते विचारून घ्या. असतील तर काम विद्यार्थी करतो आणि प्राध्यापक टप्प्याटप्प्याला तपासतात. वेळ जास्त लागतो, पण १६८ आकड्यांची नोंद तिथं शिकवण्याचाच भाग असल्यामुळे होते, आणि खर्च कमी येतो. अडचण एकच: विद्यार्थी तीन वर्षांनी पास होऊन जातो. फाईल नंबर जपून ठेवा, आणि आपला विद्यार्थी शेवटच्या वर्षाला आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा. असेल तर पुढं कोण बघणार, तेही.

खासगीत आपल्याकडे दुसरी पद्धत चालते, ती समजून घ्या. लहान गावातल्या क्लिनिकमध्ये पेरिओ तज्ज्ञ रोज नसतात. ठरावीक वारी ‘व्हिजिटिंग’ येतात, शस्त्रक्रिया करतात आणि जातात. यात वाईट काही नाही. पण गडबड नेमकी मधल्या जागेत होते. खोल सफाई कुणी करायची, पुन्हा मोजायचं कुणी, रात्री सूज आली तर फोन कुणी उचलायचा, हे ठरलेलं नसतं. तज्ज्ञ समजतात सफाई झाली असेल, क्लिनिकवाले समजतात तज्ज्ञ शस्त्रक्रियेत सगळं साफ करतील. म्हणून फोनवरच विचारा: ‘डॉक्टर एमडीएस पेरिओ आहेत का? रोज असतात की ठरावीक दिवशी येतात? पहिल्या दिवशी पॉकेटचं चार्टिंग करतात का? त्या चार्टची प्रत मिळेल का? टाके कोण काढतं?’ रिसेप्शनवरच्या ताईंना ‘चार्टिंग’ शब्दच नवा वाटला, तर ते एक उत्तरच झालं.

चार्टची प्रत मागताना संकोच नको. निर्यातीच्या द्राक्षाला जशी फवारणीची वही लागते, कुठलं औषध, कोणत्या तारखेला, किती, तसाच हा चार्ट. वडिलांना हे पटकन पटेल. प्रत हातात असली की दुसरं मत घ्यायला पुण्याला जाणंही सोपं होतं: एका खेपेत, कागद आणि एक्स-रे घेऊन.

पुण्या-मुंबईला खरोखर न्यावं अशीही काही कामं आहेत. एका बाजूनं खोल खड्डा पडून गेलेलं हाड पुन्हा वाढवण्याची शस्त्रक्रिया, पुढच्या दातांवरून सरकलेली हिरडी टाळूचा तुकडा घेऊन झाकणं, आजारामुळे पाच-सहा दात गेल्यावर सगळं तोंडच नव्यानं बसवणं. ही कामं वारंवार करणारा हात शोधणं योग्यच. पण हाड वाढवण्याबद्दल एक ध्यानात ठेवा: ते तीन बाजूंनी भिंती असलेल्या अरुंद, खोल खड्ड्यात सगळ्यात चांगलं होतं. सगळीकडून सारखं, आडवं झिजलेलं हाड कोणतीही पावडर टाकून परत वर येत नाही. वडिलांच्या वयाला बहुधा दुसरा प्रकार जास्त असतो. ‘बोन ग्राफ्ट’, म्हणजे हाड वाढवायची पावडर, ‘टाकू’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या दाताजवळ आणि एक्स-रेवर खड्डा कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

लेझरबद्दल भावानं ऐकलं ते अर्धवट आहे. क्लिनिकमध्ये बहुतेक ठिकाणी असतो तो डायोड लेझर. तो मऊ हिरडी कापतो, रक्त कमी येतं. पण मुळाला चिकटलेलं किटण तो काढत नाही, आणि एका जागी जास्त वेळ धरला तर मुळाला आणि हाडाला उष्णता लागते. किटण निघतं ते अल्ट्रासॉनिक मशीननं आणि क्युरेट नावाच्या हाताच्या हत्यारांनी. युरोपातल्या पेरिओ तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सफाईबरोबर लेझर जोडण्याची शिफारस करत नाहीत. डॉक्टरांकडे लेझर आहे म्हणून त्यांना टाळायची गरज नाही. सफाईऐवजी लेझर सुचवत असतील तर मात्र टाळा.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा: पहिला टप्पा. खोल सफाई म्हणजे वरवरचं क्लीनिंग नव्हे. तोंडाचे चार भाग धरायचे, इंजेक्शननं बधिर करायचं, आणि एका भागाला पाऊण ते एक तास. वीस मिनिटांत सगळं तोंड ‘डीप क्लीन’ झालं असं सांगितलं तर ते वरचं किटण काढणं झालं. यात नुकसान असं होतं की वरची सूज उतरते, हिरडी दाताला आवळून बसते, पण तळाचं किटण तसंच राहतं. पू बाहेर यायची वाट बंद होते आणि दोन-चार आठवड्यांत गळू येतं. मधुमेहात हे जास्त दिसतं. मग लोक म्हणतात, ‘साफ केल्यावरच बिघडलं.’

‘साफ केल्यानं दात हलायला लागतात’ हा समज सातारा-सांगली भागात घट्ट बसलाय, तो इथंच समजून घ्या. बरेचदा हलणाऱ्या दातांना किटणाच्या थरानंच एकमेकांशी जखडलेलं असतं. ते काढल्यावर दात खरे जितके हलत होते तितके हलताना जाणवतात. सूज उतरल्यावर फटी दिसतात, मुळं उघडी पडून थंड लागतं, काही आठवडे. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं पाहिजे. ज्यांनी आधी सांगितलं, त्यांच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. खालचे पुढचे दात फारच हलत असतील तर सफाईनंतर मागून बारीक तार किंवा फायबर लावून एकत्र बांधता येतात. सफाईआधी बांधले तर आजार आतून चालूच राहतो.

पहिल्या टप्प्यानंतर पुन्हा मोजल्याशिवाय फ्लॅप ठरवू नका. बरेच ५-६ मिमीचे पॉकेट तोवर ४ वर येतात. ६ मिमी किंवा जास्त उरले, तरच तिथं हिरडी उघडून साफ करण्यात अर्थ. पहिल्याच दिवशी ‘चारही बाजूंना फ्लॅप’ आणि त्याचं पॅकेज सांगणारे डॉक्टर सोडून द्या, मग ते सांगलीत असोत की कोथरूडला. तसंच, ‘सगळे काढून इम्प्लांट करू’ हे पहिल्याच भेटीत ऐकू आलं तर उठा. ज्यांचे दात हिरडीच्या आजारानं गेले त्यांच्या इम्प्लांटभोवतीही तोच आजार होण्याचा धोका जास्त असतो. हिरडी आधी ताब्यात आणावीच लागते.

वारंवार अँटिबायोटिकचा कोर्स देऊन पू थांबवणं हाही उपचार नव्हे. किटण मुळावर आहे तोवर गोळी संपली की पू परत. गळू आल्यावर किंवा ताप असल्यास औषध वेगळं. मेट्रोनिडॅझोल दिलंच तर त्या दिवसांत आणि नंतर तीन दिवस दारू अजिबात नको.

मधुमेहाबद्दल डॉक्टर काय विचारतात याकडे लक्ष द्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, रिपोर्ट त्यांनी मागायलाच हवा. २०१७ साली जागतिक तज्ज्ञांनी या आजाराची जी नवी वर्गवारी केली, त्यात एचबीए१सी ७ किंवा जास्त असेल तर आजार वेगानं वाढणारा धरतात. ८ च्या वर असेल तर शस्त्रक्रिया सहसा पुढं ढकलतात, पण सफाई आणि पू काढणं थांबवत नाहीत. दुसरी बाजूही खरी आहे: हिरड्या नीट झाल्या की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच जायचं. उपाशी नेलं तर खुर्चीवर साखर उतरते.

ब्लडप्रेशरची गोळी कोणती आहे ते बघा. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर काहींच्या हिरड्या त्यानंच जाड होऊन दातावर चढतात. सफाई करूनही उतरली नाही तर फिजिशियन गोळी बदलू शकतात. आपण होऊन बंद करायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेच. तीही परस्पर थांबवायची नाही, दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचं.

मिश्रीमुळे एक फसवणूक होऊ शकते. तंबाखूनं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कधी रक्त फारसं येत नाही आणि आतून हाड जात असताना हिरडी वरून फिकट, घट्ट, ‘चांगली’ दिसू शकते. मिश्री सोडल्यावर पहिले काही दिवस रक्त वाढल्यासारखं वाटू शकतं. घाबरून परत सुरू करू नये. तंबाखू चालू असेल तर शस्त्रक्रियेचा गुण कमी येतो, म्हणून चांगला डॉक्टर हा विषय पहिल्याच दिवशी काढतो, आणि गाल, जीभ, जिभेखालची जागा पांढऱ्या-लाल चट्ट्यांसाठी तपासतो. हे न तपासता थेट मशीन लावलं तर ती तपासणी अपुरी. सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६.

हत्यारांच्या स्वच्छतेचं फार शोधायला नको. प्रोब आणि क्युरेट तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली जातात का आणि पाकिटावरची खूण रंग बदललेली आहे का, एवढं पाहा. ड्रॉवरमधून सुटी काढून स्पिरिटनं पुसली, तर उठून या.

शेवटची खूण घरच्या सफाईची. चांगला पेरिओ तज्ज्ञ दातांना रंग लावून कुठे ब्रश पोचत नाही ते आरशात दाखवतो आणि फटींमध्ये घालायचा बारीक ब्रश तिथल्या तिथे मापून देतो. मागच्या फटीला मोठा, पुढच्याला लहान. ब्रशचे केस घासले गेले पाहिजेत, तार दाताला लागता कामा नये. ‘हे माऊथवॉश वर्षभर वापरा’ हे त्याला पर्याय नाही. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिलि, एक मिनिट, दिवसातून दोनदा, हे शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे ठीक. पुढं चालू ठेवलं तर दात तपकिरी होतात, चहा पिणाऱ्यांचे लवकर. पेस्टनंतर लगेच घेतलं तर त्याचा गुण कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या.

जाताना सोबत घ्या: सगळ्या गोळ्यांची पाकिटं, एचबीए१सीचा रिपोर्ट, जुने एक्स-रे. वेळ ठरवताना बागेचं वेळापत्रक डॉक्टरांना सांगा. खोल सफाईच्या सगळ्या बैठका आणि पुन्हा मोजमाप ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकता आलं तर उत्तम. शस्त्रक्रिया लागलीच तर ती छाटणीची धांदल ओसरल्यावर. पू येणारी दाढ मात्र या हिशेबात धरू नका. ती याच आठवड्यात दाखवा, जवळ जे मिळतील त्यांना.